आबांची गाडी आणि तिच्यानंतरची

आबांनी नव्या गाडीला पहिला हात लावला तो मागून.

शोरूममधले विक्रेते मला चालकाच्या बाजूनं बसवून एकेक गोष्ट समजावत होते आणि आबा, माझे वडील, काठी काखेत धरून गाडीच्या अंगावरून तळवा फिरवत मागे गेले होते. काचबिंदूनं त्यांची नजर जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. डिकीवर गाडीचं नाव होतं. जुन्या गाडीवर ते एका पट्टीवर सलग होतं, नवीवर एकेक अक्षर लांब लांब बसवलेलं. आबांनी ते बोटांनी वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"नाव तेच शे," ते म्हणाले.

"मग? तीच गाडी आहे, आबा," मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं. "फक्त नव्यानं केलीय."

खोटं बोलायचं म्हणून मी बोलले नव्हते. पण आबांनी माझ्या त्या शब्दावर भरवसा ठेवला, हे मला फार उशिरा कळलं.

आबा सरकारी जीपवर चालक होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी साहेबांना साऱ्या जिल्ह्यात फिरवलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची पहिली गाडी घेतली. पांढरी, चौकोनी, मागे पेटीसारखी डिकी असलेली चार दारांची गाडी. आईला तिच्यात जेमतेम दोन वर्षं बसायला मिळालं. आई गेली, मग आबांची नजर उतरत गेली आणि जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात आबा, मी आणि दारातली गाडी एवढंच उरलं. मी लग्न केलेलं नव्हतं. पाइपाच्या कारखान्यात हिशेब विभागात नोकरी होती, स्कूटर होती, गाडीशी माझा संबंध नव्हता.

"शिकून घे," आबा एक दिवस म्हणाले. "नाहीतर ती गंजेल."

"कोण शिकवणार?"

"मी."

आणि त्यांनी खरंच शिकवलं. सावखेड्याच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, दिसत नसलेल्या माणसानं. ते शेजारी बसायचे, उजवा हात हँडब्रेकवर. माझ्या पायाखाली काय चाललंय ते त्यांना इंजिनच्या आवाजावरून कळायचं. "ऐक, ती गिअर मागतेय. दे आता." मी उशीर केला की ते जिभेनं टक् असा आवाज काढत. एकदा समोरून बैलगाडी आली आणि मी गांगरले, तेव्हा माझ्याआधी त्यांनी ब्रेक ओढला होता. बैलांच्या घुंगरांचा आवाज त्यांना आधीच आला होता. गाडी थांबल्यावर ते म्हणाले, "तू बघ, मी ऐकतो. दोघं मिळून एक ड्रायव्हर होतो आपण."

पुढे दर महिन्याला आम्ही शिंदखेड्याला जाऊ लागलो. तिथे आबांची मोठी बहीण, माझी आत्या, राहायची. आबा तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. माझ्याशी आबा आमच्या शाळेतल्या मराठीत बोलत. अक्काशी आणि गाडीशी मात्र अहिराणीत.

त्या प्रवासात आबांना काही सांगावं लागत नसे. खिडकीची काच हातानं फिरवून खाली घेतलेली असायची. गिरणेच्या पुलावर चाकांचा आवाज पोकळ व्हायचा, मग पाळधीचा गतिरोधक, एरंडोलचा बाजार, पारोळ्याच्या अलीकडचे सलग तीन खड्डे. "आता डावीकडे दुकान," ते म्हणत, आणि दुकान यायचं. तिथे आम्ही अक्कासाठी गोडी शेव घ्यायचो. गुळाच्या पाकातली, जाड, कागदाला चिकटणारी. अक्काला दात नव्हते. ती एकेक कांडी चहात बुडवून अर्धा दिवस पुरवायची. दारात गाडी थांबली की ती आधी आबांच्या हातांकडे बघायची, मग तोंडाकडे. "कसा शे रे भाऊ?" आबा पुडा पुढे करायचे. "बठ्ठं बरं शे, अक्का." सगळं बरं आहे, एवढंच तिला ऐकायचं असायचं.

गाडीतलं सगळं आबांना हातानं पाठ होतं. एसीची तीन गोल बटणं, पहिलं हवेचं, तिसरं गारव्याचं. रेडिओचं खडबडीत चाक. समोरचा कप्पा, जो मुठीनं ठोकल्याशिवाय उघडत नसे. मला गरम होतंय हे ते माझ्या श्वासावरून ओळखायचे आणि न विचारता बटण फिरवायचे. मला वाटायचं, मी त्यांना घेऊन चाललेय. त्यांना वाटत असावं, ते मला.

मग एका वैशाखात मुकटीजवळ गाडी तापली आणि बंद पडली. दुपारचा एक. आबा कडुनिंबाखाली बसले, मी फोन करत राहिले. दोन तासांनी त्यांचं बोलणं जड झालं. एका टेम्पोवाल्यानं आम्हाला धुळ्याला नेलं, दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वयात एवढं ऊन? अजून तासभर गेला असता तर काय केलं असतं तुम्ही?"

परत आल्यावर मी आबांना म्हटलं, "गाडी बदलू या. पंधरा वर्षंही होत आलीत तिला."

"तू चालवतेस," ते म्हणाले, "तू ठरव."

जुनी गाडी देऊन नवी घ्यायची होती. न्यायला माणसं कधी येणार, असं आबांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच सकाळी आली, आबा आंघोळीला गेले होते तेव्हा. मी किल्ली दिली, कप्पा रिकामा केला, त्या माणसांना घाई करायला सांगितलं. आबांना त्रास होऊ नये, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं तर त्यांचा चेहरा मला बघायचा नव्हता.

आंघोळ करून ते रोजच्यासारखे अंगणात आले आणि रोज जिथे बोनेटला हात टेकायचे तिथे त्यांनी हात टेकला. हात हवेतून खाली गेला. ते तोल सावरून उभे राहिले.

"नेली का?"

"हो."

"सांगितलं असतं तर बसलो असतो जरा."

एवढंच. मग त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला आणि आत गेले.

नवी गाडी घरी आली त्या दिवशी मला ती आवडली होती, हेही खरं आहे. जुनीचं तोंड उभं होतं, दिवे मोठे, गोल. नवीचं नाक खाली झुकलेलं, दिव्यांची नुसती बारीक रेघ. छत मागे उतरत जाऊन डिकीत मिसळायचं. गिअर टाकायचे नव्हते. किल्लीऐवजी बटण, हँडब्रेकऐवजी बटण, आणि समोर पाटीएवढी काच, तिच्यात सगळं. स्टिअरिंग एका बोटानं फिरायचं. मागे घेताना मागचं चित्र दिसायचं. ज्या गल्लीत मी आठ वर्षं घाम गाळत गाडी वळवली होती, तिथे ती पहिल्याच झटक्यात वळली आणि मी एकटीच हसले.

आबांना बसवताना त्यांचं कपाळ छताच्या कडेला लागलं. छत खाली आलं होतं आणि सीटही. ते खोल जाऊन बसले, गुडघे वर आले. मी गाडी काढली. त्यांचा उजवा हात हँडब्रेक शोधत गेला आणि तिथे हात ठेवायची एक गुळगुळीत पेटी होती. तिच्यावरून फिरून हात पुढे एसीकडे गेला. बोटांना सपाट काच लागली. ते तीन बटणं शोधत राहिले आणि काचेवर कुठेतरी बोट दाबलं गेलं, तशी एक बाई मोठ्यानं रस्ता सांगू लागली. त्यांनी हात तव्यावरून उचलावा तसा उचलला.

"काही बिघडलं का?"

"नाही हो. तुम्हाला काय हवं ते मला सांगा, मी करते."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. परक्याच्या बैठकीत बसल्यासारखे. चौकापर्यंत गेल्यावर हळूच म्हणाले, "हाई ती नही शे."

ही ती नाही, असं. माझ्याशी ते कधी अहिराणीत बोलत नसत. कुणाशी बोलले, मी विचारलं नाही.

मी प्रयत्न केले. जळगावात एक चाचा आहेत, गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे. जुन्या गाडीची कव्हरंही त्यांनीच शिवली होती. त्यांनी आबांना बसवून, उठवून, पाठीला हात लावून माप घेतलं आणि सीटवर ठेवायला एक जाड उतरती गादी शिवून दिली. "अब बैठ के देखो, आबा." आबा बसले. गुडघे खाली आले, कपाळ मात्र छताला अजूनच जवळ गेलं. चाचांनी समोरच्या सपाट काचेवरून बोट फिरवलं, मग मला म्हणाले, "या काचेवर बटणं उठवता आली असती तर मी शिवून दिली असती. याच्यात हाताला धरायला काहीच नाही, ताई."

दिवाळीनंतर अक्का आजारी पडल्याचा निरोप आला. ती अंथरुणाला खिळली होती आणि भावाला बोलवत होती. उन्हाळ्यातल्या त्या दुपारनंतर आम्ही शिंदखेड्याला गेलोच नव्हतो. सकाळी निघालो. मधल्या काळात रस्ताही चौपदरी झाला होता. काचा बंद होत्या, कारण उघडल्या की वेगानं आबांच्या कानात वारा घुसायचा. गाडीत इतकं शांत होतं की माझ्या बांगड्यांचा आवाज येत होता. आबांनी एकदा विचारलं, "पूल गेला का?" तो केव्हाच गेला होता. मग त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, डोळा लागला. मी अक्काचा विचार करत होते, गाडी नव्वदनं चालली होती, आणि मला कशाचीच आठवण राहिली नाही.

शिंदखेड्यात अक्काच्या दारात गाडी थांबली, तरी आबा बसूनच होते.

"आलो, आबा."

"कुठे?"

"अक्काच्या घरी."

ते माझ्याकडे वळले. "पारोळं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नवा रस्ता पारोळ्याच्या बाहेरून गेला होता. दुकान आत, जुन्या रस्त्यावर राहिलं होतं. आबा संपूर्ण वाटभर त्या तीन खड्ड्यांची वाट बघत जागे होते.

"मी इथूनच काहीतरी आणते," मी म्हटलं. "बाजारात मिळेल."

"राहू दे. आधी भेटू."

अक्का खाटेवर अगदी लहान झाली होती. आबा चाचपडत तिच्याजवळ बसले. तिनं मान वळवली आणि सवयीनं आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. आबांना ते दिसणं शक्य नव्हतं, पण त्यांनी हात मिटले आणि मागे घेतले. मग अक्कानंच स्वतःचा हात पुढे करून त्यांची मूठ उघडली आणि आपली बोटं तिच्यात घातली.

"भाऊ, बठ्ठं बरं शे ना?"

आबांनी मान हलवली.

मी बाजारात जाऊन शेव आणली. बारीक, कोरडी, तशी नव्हती. अक्कानं एक कांडी ओठांना लावून खाली ठेवली. आठ दिवसांनी ती गेली.

दहाव्याला जाताना मी ठरवून जुन्या रस्त्यानं गावांमधून गाडी घातली आणि मोठ्यानं सांगत गेले. हा एरंडोलचा बाजार, हे पारोळं आलं, हे दुकान. आबांनी ऐकून घेतलं. धुळे जवळ आल्यावर म्हणाले, "बेटा, एवढं नको बोलत जाऊ. दमशील."

"तुम्हाला कळावं म्हणून, आबा."

"तू सांगितलेलं कळतं. पण ते सांगितलेलं असतं, माझं मला कळलेलं नसतं." मग म्हणाले, "गाडी चांगली आहे. वाईट नाही. तुझी आहे, माझी नाही, एवढंच."

मला वाटलं होतं ते रागावतील, आणि रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी गाडी फागण्याजवळ कडेला घेतली. जुनी गाडी त्यांना न सांगता दिल्याबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा माफी मागितली. आबांनी माझ्या दिशेनं हात केला. तो माझ्या खांद्याला लागेपर्यंत मी हलले नाही.

"ती विकली म्हणून नाही," ते म्हणाले. "तिच्यात बसल्यावर मला दिसायचं. ते सवयीनं दिसायचं, डोळ्यांनी नाही, हे मला माहीत होतं. तरी दिसायचं."

आता आबा फारसे कुठे जात नाहीत. शिंदखेड्याला जाण्यासारखं कुणी उरलं नाही. संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, आणि मी कामावरून येते तेव्हा ही बिनआवाजाची गाडी फाटकापाशी आलेली त्यांना ऐकू येत नाही. पहिल्या काही दिवसांत मी जवळ गेले की ते दचकायचे. म्हणून मी गाडी बंद करून दार उघडते आणि लांबूनच हाक मारते, "आबा, मी आले." ते आवाजाच्या दिशेनं तोंड करतात, पण थोडे चुकतात. माझ्या बाजूला, रिकाम्या जागेकडे बघून ते म्हणतात, "ये."