आधी फाशी, मग खटला

शकीलाभाभींचं नाव आधी लिहिते. उदगीरकडनं आले तेव्हा कोल्हापुरात माझं कोणी नव्हतं. चौथीत शाळा सुटलेली. कसबा बावड्यात भाभींचं बाइंडिंगचं दुकान. त्यांनी घरात जागा दिली, हातात सुई दिली. आता झालं ते सांगते.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. एका कॉलेजची जुनी पुस्तकं आमच्याकडं शिवायला यायची. सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, क्रमानं लावायचे, शिवायचे. एका कादंबरीचे कोपरे वाळवीनं खाल्लेले. पानांचे आकडे गेलेले. वाचून लावायला हवं होतं. मला वाचायची भीती वाटायची. अंदाजानं लावलं.

पुस्तक परत गेलं, तशी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी मला भरल्या वर्गात बोलावलं. पुस्तक उंच धरलं.

"बघा ही विदुषी! हिनं माणसाला आधी फासावर चढवलंय, खटला नंतर!"

वर्ग खदखदला.

"ए बाई, कितवी शिकलीस?"

"चौथी."

"तरीच. धर कान. म्हण, परत पुस्तकाला हात लावणार नाही."

धरले. म्हटलं. वर सगळे हसतायत म्हणून मीही हसले. कान धरून, दात दाखवून. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

पुस्तक घेऊन दुकानात परतले तेव्हा भाभी चिकटवायची खळ ढवळत होत्या. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "रडून टाका बसत न्हाय. उसव. आन् वाचून लाव."

तीन दिवस अक्षर-अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं. मी थांबले की भाभी ओरडायच्या, "फुडं वाच की गं, काय केलं त्याचं?"

कादंबरीत पुढं येणाऱ्या काळातलं एक शहर होतं. चौकात माणसाला टेबलावर उभं करायचे, गुन्हा कबूल करायला लावायचे. लोक टाळ्या वाजवायचे. त्यांच्यात राक्षस कोणीच नव्हता. दूधवाला, मास्तर, लेकुरवाळ्या बाया. टेबलावरचा माणूसही त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवत होता.

तिथं मी पुस्तक मिटलं. बराच वेळ उघडवेना.

चौथ्या दिवशी वर्गात गेले. कॉलेजचं काम गेलं तर भाभींची चूल निम्मी व्हायची, ते ठाऊक होतं.

"धर कान, मग दे," प्राध्यापक म्हणाले.

"चूक माझीच. नीट शिवून आणलंय. कान धरणार न्हाई."

"काय?"

"सर, हे पोरांना कशाला शिकवता?"

"असले दिवस पुन्हा येऊ नयेत म्हणून."

"मग मला काही न विचारता आधी कान का धरायला लावले? आकडे वाळवीनं खाल्लेत. कुणी बघितलं?"

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूनं बोललंही नाही.

काम गेलं. भाभींनी कात्री माझ्याकडं सरकवली. मग म्हणाल्या, "ऊठ. लग्नपत्रिका कापायच्या हायत."

माझ्यामुळं त्यांनी दोन वर्षं ओढगस्तीत काढली. ते गेलेलं काम मी एक दिवस त्यांच्या दारात परत आणून देणार. माफी मागून नाही.