फोन बंद ठेवणारा सावकार

किएबांदो वस्तीत तिला सगळे नालोंगो म्हणतात, म्हणजे जुळ्यांची आई. मान मोठा, कमाई मात्र चपात्यांच्या तव्यापुरती. दोन्ही पोरांची फी एकदम भरायची, म्हणून ती आधी बँकेत गेली. व्याज परवडणारं होतं, पण बँकेला जमिनीची पक्की सनद हवी. हिच्याकडे दोन खोल्या आणि शेजाऱ्यांची साक्ष. मग गेली सेच्येवा सावकाराकडे.

सेच्येवा कर्जाचा कागद करतच नाही. व्याजाला कायद्याची मर्यादा आहे, म्हणून हा हरामखोर सरळ विक्रीखत करतो: 'नालोंगोने खोल्या विकल्या.' विक्रीला कसलं आलंय व्याज? ते तोंडी, महिन्याला पाचावा हिस्सा. मुदतीत पैसे आले तर कागद फाडायचा, नाहीतर घर त्याचं. आमच्या वस्तीचा चेअरमन त्यावर शिक्का मारतो, पैसे खिशात घालतो आणि रविवारी तेच हात चर्चमध्ये जोडतो. मला त्या बोटांकडे बघवत नाही.

मुदत शनिवारची. नालोंगोने पैसे जमवले, तर गुरुवारपासून सेच्येवाचा फोन बंद, फाटकाला कुलूप. ही त्याची जुनी खोड. देणाऱ्याला तोंडच दाखवायचं नाही. मुदत टळली की घर गिळायचं.

शुक्रवारी तवा तापत होता, रेडिओवर मयतीच्या वार्ता लागल्या. कुणी म्हातारी गेलेली. पुतण्यांत सेच्येवाचं नाव, माती शनिवारी दुपारी. नालोंगोने उलथनं आपटलं. "आता कुठं लपशील, भाड्या? मातीला नाही गेलास तर भाऊबंद दारात उभं करायचे नाहीत तुला."

शेजारी म्हणून मीही तिच्यासोबत गेलो. सेच्येवा पुढेच बसलेला, डोळ्याला रुमाल. शेजारी चेअरमन. चेअरमनच्या पिशवीतून नवंकोरं कुलूप डोकावत होतं; संध्याकाळी कुणाच्या दाराला लागणार, ते सांगायला नको.

रीतीप्रमाणे कुळातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "हिचं कुणाचं देणं-घेणं राहिलंय का?"

नालोंगो उठली. "हिचं नाही, बाबा. हिच्या पुतण्याचं माझ्याकडं येणं आहे. हे घ्या, व्याजासकट."

"प्रेतापुढं धंदा करतेस? लाज नाही वाटत?" सेच्येवा फिसकारला.

"काय करू, साहेब? जिवंत माणसांत तुम्ही सापडत नाही."

मंडपात हसू फुटलं. म्हातारा करवादला, "घे रे ते! खड्डा वाट बघतोय."

त्याने हात पुढे केला, पण नालोंगो नोटा सोडेना. "आधी कागद."

सेच्येवाने चेअरमनकडे पाहिलं. कुलपाखालून विक्रीखत निघालं. तिने ते सगळ्यांसमोर फाडलं, तुकडे कमरेला खोचले. चेअरमन हळूच तिच्या कानाशी लागला, "शिक्का रद्द करायची पण फी असते, नालोंगो."

ती त्याच्या बुटाशेजारी थुंकली.

सोमवारी चेअरमन निर्लज्जासारखा तव्यापुढे उभा. "दोन चपात्या दे. पैसे उद्या."

"देते की," चपाती उलटत ती म्हणाली, "आधी तुमचं घर माझ्या नावावर लिहून द्या."