पुराव्याला आणलेली झोप

चिंचोळीच्या गुरम्मा हालगे यांनी नवऱ्याची नोकरी वाचवली ती भर दुपारी, सरकारी कार्यालयात, साहेबांसमोर त्याला बाकावर उताणं झोपवून.

साल १९८६. लातूर जिल्हा होऊन चार वर्षंही पुरी झाली नव्हती. अनेक कार्यालयं भाड्याच्या घरांत होती. शिक्के नवे कोरे होते आणि विहिरी कोरड्या. औसा रस्त्यावरच्या एकाच खोल विहिरीला पाणी टिकून होतं, तिथं टँकर भरले जात. पंप शंकरप्पा हालगे चालवत. वय बेचाळीस, अंगानं काटक, हनुवटी आत गेलेली. कामात अकरा वर्षं एकही ठपका नव्हता.

चौदा मेच्या सकाळी दहा वाजता टँकर भरला आणि वाहू लागला. ड्रायव्हर चहाला गेला होता. शंकरप्पा पंपाशेजारी खोक्यावर बसल्या जागी झोपले होते. पाणी चाकांखालून रस्त्याला लागलं. ओळीत उभ्या बायका वाट्या घेऊन चाकोरीतलं पाणी भरू लागल्या. तेवढ्यात कनिष्ठ अभियंत्यांची जीप आली. त्यांनी हाका मारल्या, खांदा हलवला. शंकरप्पा उठले तेव्हा डोळे लाल होते, जीभ जड होती. अहवालात लिहिलं गेलं, ‘कर्तव्यावर मद्यधुंद अवस्थेत आढळले.’ तोंडाचा वास कोणी घेतला नव्हता.

लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणाऱ्या माणसावर हा आरोप होता. निलंबन झालं, महिन्यानं चौकशी लागली. आरोप सिद्ध झाला असता तर नोकरी जाणार होती. नाव तर त्याच दिवशी गेलं होतं.

शेजारच्या केवळाबाईंनी ते बोलून दाखवलं. “दारू न्हाई म्हणतीस, मग सकाळी धाला कोण झोपतंय गं? रातभर तुझा मालक घोरून गल्ली उठवतोय. तेवढी झोप पुरंना व्हय त्याला?”

गावाची चूक इथंच होती. घोरणारा माणूस सुखाची झोप घेतो, असा सगळ्यांचा समज. शंकरप्पांचाही तोच. गुरम्मांचा नव्हता. सोळा वर्षं त्या शेजारी झोपत होत्या. घोरणं चढत जातं, मग एकदम बंद पडतं. छाती हलते, पण वारा आत जात नाही. मग हिसका बसून श्वास सुरू होतो. ही बंद वेळ त्या जपावर मोजत. एका खेपेला बारा वेळा ‘ॐ नमः शिवाय’ होई. कुशीवर असले की हे कमी होतं, हेही त्यांनी हेरलं होतं. म्हणून त्यांनी नवऱ्याच्या बनियनला पाठीमागं खिसा शिवून त्यात मूठभर चिंचोके भरले होते. उताणं वळलं की ते टोचत. बनियन जुनं झालं, शिवण उसवली, चिंचोके सांडले. तेव्हापासून शंकरप्पा दिवसा पेंगू लागले होते.

गुरम्मा नवऱ्याला घेऊन लातूरला गेल्या. कान-नाक-घशाचे डॉक्टर मार्तंड कंधारकर यांनी आरसा लावून शंकरप्पांच्या तोंडात पाहिलं.

“दुखतो का घसा?”

“न्हाई. ल्हानपणी लई सुजायचा.”

“टॉन्सिल्स एकमेकींना टेकायला आल्यात. पडजीभ लांब, जबडा आखूड. म्हणजे जिभेला जागा कमी. जागेपणी स्नायू वाट उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात, उताणं झोपलं की जीभ मागं पडते. उरलेल्या फटीतून वारा घुसतो, मऊ टाळू फडफडते. तेच घोरणं.”

“मग बंद कशानं पडतंय?” गुरम्मांनी विचारलं.

डॉक्टर शब्द शोधत होते. शंकरप्पांना तो आधी सापडला. “साहेब, विहिरीतून पाणी वढायला आम्ही कडक पाइप लावतो. तिथं कापडी लावला तर पंप जेवढा जोरात वढंल तेवढा पाइप आत चिकटून बसतोय.”

“बरोबर तसंच. तुमच्या घशाचा पाइप मऊ, त्यात निम्मा भरलेला. छाती जोर लावते आणि वाट मिटते. मग मेंदू तुम्हाला अर्धवट उठवतो. रात्रभर हेच. तुम्ही झोपताच कुठं?”

प्रत्येक घोरणारा आजारी नसतो, हेही डॉक्टरांनी बजावलं. यांच्या टॉन्सिल्स मात्र काढाव्या लागतील, असं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली.

चौकशीला उपअभियंता रेणुकादास जोशी होते, शेजारी अहवाल लिहिणारे कनिष्ठ अभियंता. त्यांनी चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली. “बाई, घसा मोठा आहे म्हणून माणूस दारू पीत नाही, असं कुठं लिहिलंय?”

“न्हाई लिवलं. पण तुमी बघा की. आत्ता झोपवते.”

“इथं?”

“मग कुठं? त्या दिशी तुमच्याच कामावर झोपले न्हवं.”

कारकून हसले. जोशी हसले नाहीत. बाक रिकामा झाला. शंकरप्पा लाजत आडवे झाले. सात-आठ मिनिटांत त्यांचं घोरणं सुरू झालं. पलीकडच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. आवाज चढला आणि तुटला. छाती वर-खाली होत होती, नाकाशी काही नाही. गुरम्मा पुटपुटत मोजू लागल्या. जोशींनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. वीस सेकंद. तीस.

“उठवा त्याला!” जोशी खुर्चीवरून उठले.

“थांबा साहेब. आजून दोन जप.”

दोन जप झाले आणि शंकरप्पांनी हिसका देऊन श्वास ओढला. छत्तीस सेकंद. पंधरा मिनिटांत असं पाच वेळा झालं. मग गुरम्मांनी नवऱ्याला कुशीवर वळवलं आणि खोलीत शांतता पसरली.

“आज इथं याला कोणी दारू पाजली, ते सांगा आता,” जोशी कनिष्ठ अभियंत्यांना म्हणाले. जोशींनी गुरम्मांकडून पाइपचा दाखला ऐकला, ओळीनं लिहून घेतला आणि खाली शेरा मारला: ‘मद्यप्राशनाचा आरोप निराधार.’ निलंबन मागं घेतलं गेलं. शस्त्रक्रिया होईपर्यंत पंपावर जायचं नाही, एवढी अट राहिली.

जूनमध्ये टॉन्सिल्स निघाल्या. डॉक्टरांनी त्या बाटलीत घालून दाखवल्या. “सुपाऱ्या हायत जणू,” शंकरप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. आठ-दहा दिवस त्यांनी पेज पिऊन काढले. महिन्यानं घोरणं उरलं, पण खालच्या सुरात. गुरम्मांनी आठवडाभर कान देऊन मोजलं. जप एकावर थांबला. बनियनला नवा खिसा त्यांनी तरीही शिवला.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी शंकरप्पा विहिरीवर परतले. पाऊस अजून बेताचाच होता. बायकांची रांग होती, पुढं केवळाबाई. शंकरप्पांनी आदेशाचा कागद ड्रायव्हरकडून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घेतला. ‘निराधार’ हा शब्द त्याला दोनदा वाचायला लावला. मग पंप सुरू केला. टँकरच्या काठाला चार बोटं उरली असताना बंद केला. खाली थेंब पडला नाही. संध्याकाळपर्यंत अकरा टँकर गेले. शंकरप्पा खोक्यावर बसलेही नाहीत.

त्या आठवड्यात केवळाबाई गुरम्मांच्या दाराशी आल्या. थोडा वेळ उगाच पदर सारखा करत राहिल्या.

“आमचे मालकबी दिवसा लई पेंगायलेत गं.”

“घोरतेत?”

“हाव. मला वाटलं, सुखानं झोपतेत.”

“दुपारी घिऊन ये,” गुरम्मा म्हणाल्या आणि बाजेवरचं वाळवण उचलू लागल्या.