त्रिशलाबाईंचे दहा उपवास

त्रिशला मगदूम यांच्या पर्समध्ये स्टीलचा एक लहान डबा असे. शाहूपुरीतल्या त्यांच्या गल्लीत बायकांची समजूत अशी होती, की त्यात वेलदोडे असावेत. प्रत्यक्षात तो थुंकण्याचा डबा होता. घास घशाखाली उतरला की छातीच्या मध्यावर अडून बसे. मग तोंडात भेंडीच्या तारेसारखी चिकट, फेसाळ लाळ जमू लागे. ती गिळता येत नसे आणि चारचौघांत थुंकताही येत नसे. अशा वेळी त्रिशलाबाई पदर तोंडाला लावून न्हाणीत जात आणि डब्याचे झाकण उघडीत. राखेने, लिंबाने, गरम पाण्याने घासूनही त्या डब्याचा आंबट वास गेला नव्हता. रात्री उशीवर मान कलती झाली की तोच वास घशातून वर येई, आणि तो डब्याचा नसून आपलाच आहे हे त्यांना कळून चुके.

याचे कारण पोटात होते. लेकीच्या, प्राचीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांचे पती नेमगोंडा त्यांना पुण्याला घेऊन गेले होते. नेमगोंडा हे गुळाचे अडते. भावकीत त्यांना अण्णा म्हणत. ‘व्याह्यांच्या शेजारी हुबी ऱ्हायलीस तर मांडव एका अंगाला कलंडंल की गं,’ असे ते चेष्टेने म्हणत, आणि ती चेष्टा रोज होई. जठराच्या वरच्या टोकाभोवती सिलिकॉनचा पोकळ पट्टा बसवण्याची शस्त्रक्रिया तेव्हा जोरात होती. पट्ट्यातून एक नळी निघते, नळीच्या टोकाला एक चकती असते, आणि ती चकती पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवतात. चकतीत सुईने पाणी भरले की पट्टा आवळतो, काढून घेतले की सैल पडतो. माणूस चार घासांत तृप्त होतो, असे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते. घरी परतल्यावर नेमगोंडांनी भावकीला सांगितले, की हिच्या पित्ताशयातले खडे काढले.

लठ्ठपणाची लाज होतीच. तिच्या तळाशी आणखी एक लाज होती. मगदुमांच्या घरात सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या झाली होती. चातुर्मासात पालेभाजी सोडणे ही तिथे सांगण्याजोगी गोष्टसुद्धा नव्हती. अशा घरातल्या सुनेला जिभेला आवर घालण्यासाठी पोटाला कडे घालावे लागले, हे नेमगोंडांच्या तोंडून निघणे शक्य नव्हते. त्रिशलाबाईंच्याही निघाले नाही.

पहिली काही वर्षे पट्ट्याने काम केले. लग्नाच्या फोटोंत त्या सडसडीत दिसतात. पुढे पट्ट्याच्या वरचा जठराचा भाग पिशवीसारखा फुगत गेला. भाकरी अडू लागली, मग चपाती, मग भात. बासुंदी मात्र सरसर उतरे. जे खाल्ल्याने अंग सुटते तेवढेच पट्टा आत घेई आणि ज्याच्यावर माणूस जगतो ते परत पाठवी. घटलेले वजन निम्मे परत आले. जेवणाच्या पंगतीकडे पाहणेही त्यांना नकोसे झाले. बोटांना चिकटलेली आमटी, दातांत अडकलेली कोथिंबीर, ‘अजून एक वाढा की पावण्यांना’ असा गलका, हे सारे सुरू झाले की त्या उठून जात. इतरांची तोंडे अशी बेफिकीर चालतात, याची त्यांना शिसारी येई आणि हेवाही वाटे. हेवा वाटतो याची शिसारी वेगळी.

या भाद्रपदात पाणीही अडखळू लागले, तेव्हा त्या कोणाला न सांगता शाहूपुरीतल्याच डॉ. धैर्यशील घाटगे यांच्याकडे गेल्या. डॉक्टरांनी खडूसारखे पांढरे औषध पाजून एक्स-रे काढला आणि पडद्यावर बोट ठेवले.

“काकू, पट्टा जागेवरून सरकलाय. वरची पिशवी बघा केवढी लोंबतीय. आधी आतलं पाणी काढून पट्टा सैल करायचा, मग पट्टाच काढायचा.”

“मग काढा की आत्ताच.”

“त्या चकतीला साधी सुई चालत नाही हो. वेगळी लागते, मागवतो, परवा येईल. हा पट्टा आता कुणी बसवत नाही, त्यामुळं सुई कोण ठेवत नाही. पण परवा यायचंच. पाणी थांबलं किंवा दुखायला लागलं, तर त्याच मिनिटाला या. त्या पिशवीचा रक्तपुरवठा तुटला तर पोट काळं पडतं. माणूस जातं.”

त्यांनी हे घरी सांगितले. नेमगोंडा म्हणाले, “उद्यापासनं पर्व. घरात पावणं. दहा दिसांनी बघूया.”

त्याच दुपारी इचलकरंजीहून नणंद राजमती आली. दशलक्षण पर्वाच्या आदल्या दिवशी पुरणाचे कडबू करण्याची घरात रीत होती. तिने स्वतः तळलेला, तुपात बुडवलेला एक कडबू वहिनीच्या तोंडात कोंबला.

“खा गं वैनी, उद्यापासनं हायच की उपास-तापास.”

तो घास जागच्या जागी बसला. त्रिशलाबाईंचे डोळे पाणावले, तोंड फेसाने भरले. ओठ घट्ट मिटून त्या मान हलवू लागल्या.

“का गं? खाईनास का? बरं न्हाय व्हय?”

नेमगोंडा दारात उभे होते. त्यांना जे सुचले ते त्यांनी बोलून टाकले. “तिला आग्रह करू नको. दहाचे दहा उपास धरायलीय औंदा. मन आत्तापासनंच उडालंय अन्नावरनं.”

राजमतीने दोन्ही हात जोडले. “अगं बया! वैनी, खरं?”

नाही म्हणायला तोंड उघडावे लागले असते. तोंड उघडले असते तर पुरण, तूप आणि फेस राजमतीच्या पायांवर पडला असता. त्रिशलाबाई गप्प राहिल्या. त्या मौनाचा अर्थ घराने लावला, संध्याकाळपर्यंत गल्लीने लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, उपाध्यांसमोर उभे करून त्यांना नियम देण्यात आला: दहा दिवस अन्न वर्ज्य, दिवसातून एकदा उकळून निववलेले पाणी. त्यांनी हात जोडले. दवाखान्यातून सुई आल्याचा फोन आला, तेव्हा नेमगोंडांनी ‘पर्व झाल्यावर येतो’ असे सांगून तो ठेवला.

त्या दहा दिवसांत घरात जे आदराचे वातावरण पसरले, त्याइतके ओशट काही त्रिशलाबाईंनी आयुष्यात अनुभवले नव्हते. ज्या बायका त्यांच्या कमरेवरून आडून बोलत, त्या आता पायांना हात लावत. नेमगोंडा फोनवर ‘संयम हाय, दुसरं काय’ असे म्हणत आणि आवाज मुद्दाम खाली आणत. एकदा जावई त्यांचा फोटो काढत असताना त्यांना उमासा आला. तो त्यांनी तसाच गिळला आणि फोटोत चेहरा ध्यानस्थ दिसला. तो फोटो मोठा करून बस्तीच्या दारात लावण्यात आला.

चौथ्या दिवशी दुपारी घर निजले असता त्यांनी नातवासाठी आणलेले आंब्याचे आइस्क्रीम वाटीत वितळवले आणि उभ्या उभ्या प्यायल्या. ते क्षणभर थांबले आणि नाकातोंडातून परत आले. मोरीत पडलेल्या त्या पिवळ्या पाण्याकडे पाहताना त्यांना नियम मोडल्याचे दुःख झाले नाही. आपल्याला ते हवे होते, अजूनही हवे आहे, आणि बस्तीच्या दारावर आपला फोटो आहे, एवढेच त्यांना दिसले. त्यांनी मोरीवर फिनाइल ओतले.

रोज दुपारी अक्काताई चौगुले येत. सत्तरी ओलांडलेल्या, काठीसारख्या बारीक, नवऱ्यामागे एकट्याने गायी सांभाळलेल्या. त्या गेली कित्येक वर्षे हेच दहा उपवास करीत आणि त्याचे कोणी कौतुक करीत नसे, कारण पाऊस पडतो तसे ते दरवर्षी घडे. त्या पायांशी बसून स्तोत्र म्हणत आणि मध्येच थांबून त्रिशलाबाईंकडे पाहत.

“खरं सांगू त्रिशला? मला वाटलंतं, ही अडत्याची बायको, खाऊनपिऊन सुखी. हिच्यानं एक दीस निघायचा न्हाय. माफ कर बाई मला.”

“अक्का, असं नका म्हणू.”

“म्हणू दे की. मला पैल्या वर्षी दुसऱ्याच दिशी भोवळ आलती. तू बघ, हूं का चूं न्हाय.”

त्रिशलाबाई भिंतीकडे तोंड करीत. डबा उशाखाली असे.

पारण्याच्या दिवशी सकाळपासून त्यांच्या छातीखाली सुरा फिरावा तशी कळ येत होती. पाण्याचा घोट रात्रीच थांबला होता. बस्तीच्या सभागृहात दोन खुर्च्या मांडल्या होत्या: उजवी, मखमलीची, त्रिशलाबाईंना, डावी, साधी, अक्काताईंना. तपस्व्याला पारण्याचा घास भरवणे हे पुण्य, म्हणून समोर रांग लागली होती. चांदीच्या वाटीत मुगाचे कढण, त्यात एक चमचा. येणारा प्रत्येक जण चमचाभर कढण त्रिशलाबाईंच्या तोंडी घालून, पाया पडून पुढे सरके. माइक नेमगोंडांच्या हातात होता.

पहिला चमचा खुद्द नेमगोंडांचा. तो उतरला नाही. दुसरा राजमतीचा, तो पहिल्याच्या वर बसला. तिसरा, चौथा. तोच ओला चमचा, तीच वाटी, समोर उघडे, हसरे, भक्तीने ओथंबलेले चेहरे. त्यांनी डब्यासाठी हाताने चाचपले. पर्स समोरच्या रांगेत राजमतीच्या मांडीवर होती. “अजून एकच, काकी,” कोणीतरी म्हणाले, आणि चमचा दातांवर आपटला.

मग ते आले. आधी फेस, मग हिरवट कढण, मग लाळेच्या लांबच लांब तारा; शालीवर, हारावर, जमिनीवर. रांग मागे सरली.

“घाबरू नका!” माइकमधून नेमगोंडांचा आवाज घुमला. “दहा दिसाचं तप हाय! शरीरातली अशुद्धी भाईर पडालीय!”

“तपस्वींचा जयजयकार असो!” मागून कोणी ओरडले, आणि सगळ्यांनी ते उचलले.

त्या गजरात अक्काताई खुर्चीवरून उतरल्या. त्यांचे स्वतःचे पारणे अजून व्हायचे होते. दहा दिवसांच्या उपाशी गुडघ्यांवर त्या बसल्या, पदर सोडला, आणि त्या पदराने त्यांनी फरशीवरची ओकारी पुसली. मग तो ओला पदर त्यांनी कपाळाला लावला.

आपल्या घाणीची किळस त्रिशलाबाईंना नित्याची होती. ही घाण आता एका स्वच्छ माणसाच्या कपाळावर होती. त्यांनी अक्काताईंचे मनगट धरले.

“अक्का, सोडा ते. ओकारी हाय ही.”

“व्हय की. तपाची हाय.”

“तपाची न्हाय. माझ्या पोटात पट्टा हाय. वजनासाठी बसवलेला. त्यो सरकलाय, म्हणून खाली काय जाईना. मी उपास धरलाच न्हाय. चौथ्या दिशी आइस्क्रीम खाल्लं मी, त्येबी ओकून गेलं.”

माइक जवळच होता. शब्द छतापर्यंत गेले. गजर एका बाजूने विझत विझत थांबला. नेमगोंडांनी बटण शोधायला सुरुवात केली.

अक्काताईंनी पदराकडे पाहिले. मग तो दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते त्रिशलाबाईंना तत्काळ ओळखू आले. आरशात त्या ते रोज पाहत.

“उपास न्हवता?”

“न्हवता. अक्का, दुखतंय लई.”

अक्काताई मागे वळून ओरडल्या, “आता तोंडं काय बघताय? दवाखान्यात न्या की तिला! नेमगोंडा, ठेव त्यो भोंगा खाली!”

सुई दवाखान्याच्या कपाटात तशीच पडून होती. डॉक्टरांनी चकती चाचपून ती टोचली आणि सिरिंजमध्ये पाणी ओढून घेतले. छातीतली मूठ कोणी बोट बोट करून सोडवावी तसे त्रिशलाबाईंना वाटले. नळी घालून पिशवीतला साचलेला आंबट पाझर काढण्यात आला. त्याच्या वासाने नर्सनेसुद्धा तोंड फिरवले. दुर्बीण घालून पाहिल्यावर डॉक्टर म्हणाले, “काळं पडलं नाही. पण आजची संध्याकाळ निघाली नसती, काकू. परवा पट्टा काढू.”

नेमगोंडा दाराबाहेर फोनवर बोलत होते. “न्हाय हो, काय बरळली ती. उपासानं डोक्यात चढतंय माणसाच्या… व्हय, अशक्तपणा.”

“अहो,” त्रिशलाबाईंनी आतून हाक मारली.

ते आत आले. “पड तू. मी निस्तरतो.”

“पट्टा म्हणून सांगा. तुमाला जमत नसंल तर माइक आणा हितं, मी सांगते परत.”

फोन पुन्हा वाजला. नेमगोंडांनी तो हातात धरला, पाहिला, आणि बाहेर जाऊन हळू आवाजात ‘पट्टा’ हा शब्द उच्चारला. तो उच्चारताना त्यांचा चेहरा कसा झाला असेल हे त्रिशलाबाईंना आतून दिसले, आणि त्यांना बरे वाटले नाही. फक्त तोंडात फेस आला नाही.

उन्हे कलताना अक्काताई आल्या. लुगडे दुसरे होते. हातात झाकणाचा पेला. तो क्षमावाणीचा दिवस होता. वर्षभरात जे दुखावले असतील त्यांची हात जोडून माफी मागायची, आणि समोरच्यानेही तेच शब्द परत करायचे.

त्रिशलाबाईंनी हात जोडले. “उत्तम क्षमा, अक्का.”

अक्काताई स्टुलावर बसल्या. “लुगडं भिजत घातलंय. दोनदा धुतलं. वास जाईना.”

“जायचा न्हाय. मला ठावं हाय.”

“मला शबुद परत करवंना बघ. खोटा दिला असता. पर आज खोटं लई झालं.”

“नका देऊ.”

“उद्या दीन. परवा दीन. बघूया.” त्यांनी पेल्याचे झाकण काढले. मुगाचे कढणच होते, पातळ, मिठाचे. “डाक्टरला इचारलंय. दीस मावळायच्या आत पी. माझंबी व्हायचंय, सकाळपासनं ऱ्हायलंय तुझ्यापायी.”

“मग आधी तुम्ही घ्या.”

“चल, निम्मं निम्मं.”

त्यांनी पेल्यातून फुलपात्रात निम्मे ओतून घेतले आणि एका दमात संपवले. त्रिशलाबाईंनी घोट घेतला. सवयीने त्यांचा हात उशाखाली डबा शोधत गेला आणि तिथेच थांबला. खिडकीखालून रिक्षा गेल्या.

“ऱ्हायलं?” अक्काताईंनी विचारले.

“ऱ्हायलं.”

“आणि एक घे.”