बिनफडक्याचा पेला

कॉफीकाका उकळती कॉफी स्टीलच्या पेल्यातून प्यायचे, आणि पेला नुसत्या हाताने धरायचे. आम्ही फडकं गुंडाळूनसुद्धा या हातातून त्या हातात करत बसायचो. काका मात्र पेला मुठीत धरून निवांत बोलत राहायचे. "आमच्या ह्यांना फडकं लागत नाही," असं काकू कौतुकाने सांगायच्या. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या आम्हा मोजक्या मराठी घरांत त्यांची ही ख्यातीच होती.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पुण्याला परतायचं सोडून ते इथेच राहिले होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी कोलकात्याला आले, तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावर बोलावलं. "चहा कोणीही देईल. कॉफीला या," म्हणाले. तेव्हाची ती कॉफी आपली घरचीच असायची, दुधाची, गोड, वर जायफळ किसलेली.

मग त्यांना डायबेटीस निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि त्याच सुमारास कुणा भाच्याने मोबाइलवर मजकूर पाठवला की कॉफीने वजन उतरतं आणि साखर आटोक्यात राहते. काकांना तो फारच पटला. दूध गेलं, साखर गेली. "जायफळ का सोडलंत?" मी विचारलं. "त्याने झोप येते. कॉफीला तिचं काम करू दे." काळी, कडू कॉफी दिवसभर सुरू झाली आणि गोळ्या हळूहळू मागे पडल्या. एका कामाला दोन माणसं लावायची नाहीत, हे त्यांचं बँकेतलं तत्त्व होतं.

वजन उतरलं, हे खरं. पट्ट्याला नवी भोकं पडली. कोपऱ्यावरचा मिठाईवाला म्हणायचा, "दादा, खूब रोगा होये गेछेन," म्हणजे फारच बारीक झालात, आणि काका त्याने पुढे केलेला संदेश मिठाईचा तुकडा परत सारून म्हणायचे, "कॉफी." गणपतीत तर लोक त्यांना बाजूला घेऊन किती कप, कधी, असं विचारत होते. काकू तेवढ्या कुरकुरायच्या. हे रात्रीतून सारखे उठतात, घटाघट पाणी पितात, एकदा रक्त तपासून या म्हणते तर ऐकत नाहीत. "काट्यावर दिसतंय की सगळं," काका म्हणायचे, आणि विषय संपायचा.

एका रविवारी ते पातेल्यातून पेल्यांत कॉफी ओतत होते. बदलीच्या गावातला कसलासा किस्सा रंगात आला होता. बोलण्याच्या नादात धार चुकली आणि उकळती कॉफी त्यांच्या अनवाणी पावलावर पडली. काका किस्सा सांगतच राहिले. काकूंनी पावलाकडे बघितलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"अहो, भाजलं ना?"

"काय?" म्हणत काकांनी खाली पाहिलं.

आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांचं बिनसाखरेच्या कॉफीशी भांडण नव्हतं. पण तिच्या भरवशावर गोळ्या सोडल्या, तिथे घात झाला होता. साखर चढत गेली होती. वजन त्या साखरेनेच उतरवलं होतं, आणि हातापायांच्या नसाही तिनेच बधिर केल्या होत्या. काकांनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे, पेला?" डॉक्टरांना काही कळलं नाही. आम्हाला कळलं.

पायाची जखम भरली नाही. ती चिघळली, विष अंगात पसरलं, आणि थंडी पडायच्या आत काका गेले. मला रडू आलं नाही. घरी आले, आंघोळ केली, कुकर लावला. पुढचे रविवारही तसेच गेले. लोक काकांविषयी बोलायचे, मी ऐकून घ्यायची, आत काहीच हलायचं नाही.

मुलीकडे पुण्याला कायमचं निघण्याआधी काकूंनी मला वर बोलावलं. घरभर खोकी होती. त्यांनी कॉफी केली, दुधाची, जायफळाची, आणि काकांच्या पेल्यात भरून माझ्यापुढे धरली. त्यांनी स्वतः तो पदराने धरला होता. फडकी सगळी सामानात बांधली गेली होती. मी पेला नुसत्या हाताने घेतला. बोटं चरचरली, डोळ्यांत पाणी आलं. काका गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी लागलं होतं. मी पेला सोडला नाही.

"भाजतंय ना गं?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि पेला माझ्या हातातून काढून घेतला.