उतारावरची गाडी आणि सरोदे गुरुजी

धनजच्या मिडल स्कूलमध्ये मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी सरोदे गुरुजींचा वर्ग शाळेत नव्हता. तो शाळेमागच्या मैदानात होता. एका रिकाम्या बैलगाडीला निम्मी मुले हातांनी ढकलत होती आणि गुरुजी बाजूला उभे राहून पाहत होते. मग त्यांनी उरलेल्या मुलांना गाडीत बसवले आणि ढकलणाऱ्यांना पुन्हा ढकलायला सांगितले. गाडी जागची हलेना. "जोर तोच आहे, मग गाडी काहून हालत नाही?" त्यांनी विचारले. गाडीतला एक लहानगा म्हणाला, "गुरुजी, थे रुसली." गुरुजी मनापासून हसले आणि म्हणाले, "रुसली नाही. जड झाली. जड वस्तूले हालवाले जास्त जोर लागते अन् थांबवालेही जास्तच लागते." त्यांचे ते हसू मी पुढे फार काळ पाहू शकलो नाही, म्हणून ते इथे आधी नोंदवतो.

बल आणि गती हा सातवीच्या विज्ञानातला लहानसा भाग. गुरुजींनी तो कधी नुसता पुस्तकातून वाचून दाखवला नाही. विहिरीवरचा रहाट, पाटावर घरंगळणारी गोटी, वाळूत रुतलेले चाक, हे सारे त्यांच्या वर्गात येत असे. मुलाने चुकीचे उत्तर दिले तर ते रागावत नसत. "करून पाह्य," एवढेच म्हणत.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रभाकर अमरावतीला कॉलेजात शिकत होता. एका वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून तो परत निघाला. गावातले शेतकरी नामदेव कापूस घेऊन कारंजाला जात होते. तिथून अमरावतीची मोटार मिळते, म्हणून प्रभाकर त्यांच्या गाडीवर, कापसाच्या ढिगावर बसला. नाल्याच्या उतारावर भरलेली गाडी बैलांना आवरेना. ती वेगाने खाली आली, चाक धोंड्यावर आदळले आणि गाडी अडली. वर बसलेला प्रभाकर पुढे फेकला गेला, तो दगडांवर. त्याला घरी आणले तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता.

गावाने दोष नामदेवांना दिला. त्यांनी बैल हाणले, असे लोक उघड बोलू लागले. कुणी त्यांच्याकडे कामाला जाईना. त्यांची मुलगी कुसुम गुरुजींच्याच वर्गात होती, तिचे शाळेत येणे थांबले. गुरुजी सुतक संपवून कामावर आले, हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबले आणि शाळा सुटल्यावर मला म्हणाले, "चला माझ्यासोबत."

नामदेव ओसरीवर बसले होते. गुरुजींना पाहून ते उठले, पण पुढे आले नाहीत.

"कुसुम काहून येत नाही शाळेत?" गुरुजींनी विचारले.

"कोनत्या तोंडानं पाठवू, गुरुजी? माह्या गाडीवरून तुमचं पोरगं गेलं."

"तू बैल हाणले होते का?"

"नाही जी. मी कासरे ओढूनच राह्यलो होतो."

गुरुजींनी त्यांचे हात हातात घेऊन तळवे उलटून पाहिले. कासऱ्यांनी सोललेली कातडी अजून भरली नव्हती.  मग गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "भरली गाडी उताराले लागली का आपल्या वजनानं धावते, नामदेवा. तिले रोखाले जेवढा जोर पाह्यजे तेवढा त्या बैलांत नव्हता. तुह्यात तर नव्हताच. हे मी साऱ्यांच्या पोरांले शिकवतो. माह्या पोराच्या वेळेस थे खोटं कसं म्हनू?"

नामदेवांनी खांबाला डोके टेकले. दुसऱ्या दिवशी कुसुम शाळेत आली आणि मागच्या बाकावर बसली. गुरुजी तिच्या घरी गेले होते हे गावभर झाले. मग लोकांचे बोलणे हळूहळू थांबले.

त्या वर्षी जडत्वाचा धडा आला तेव्हा तो धडा आपण स्वतः घेऊ, असे मुख्याध्यापकांनी गुरुजींना सुचवले. "नको," गुरुजी म्हणाले. "पोरं रोज गाडीवर बसतात. त्याईले हे नीट कळाले पाह्यजे." शेजारच्या वर्गातून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. "गाडी एकदम थांबली तरी गाडीवर बसलेला माणूस..." एवढे म्हणून तो आवाज बंद पडला. मी दारापर्यंत गेलो. गुरुजी फळ्याकडे तोंड करून उभे होते आणि सारा वर्ग खाली मान घालून बसला होता. मागून कुसुम उठली.

"पुढं जाते, गुरुजी," ती म्हणाली.

"बरोबर," गुरुजी फळ्याकडेच पाहत म्हणाले. "बस, बेटा."

कुसुम आज मालेगावच्या शाळेत शिकवतात. नामदेवांनी मात्र पुन्हा कधी कारंजाची वाट धरली नाही. त्यांचा कापूस दुसऱ्याच्या गाडीतून जातो.

गुरुजींच्या पत्नी सुमतीबाई यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. नामदेवांच्या घरून आम्ही परतलो, तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. गुरुजींनी सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "तुमचं शास्तर खरं असंल. माह्या लेकराचं काय?"  आजही त्या नामदेवांच्या गल्लीने जात नाहीत आणि गुरुजी त्यांना कधी तिकडून जायला सांगत नाहीत. एकदा मी विषय काढला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तिच्यावर केवढा भार आहे, थे मापाचं साधन माह्याजवळ नाही."

गुरुजींच्या साठीच्या सत्काराचे विचारायला आम्ही मंडळी गेलो, तेव्हा सुमतीबाईंनी चहा दिला. "त्याईले न्या," त्या म्हणाल्या. "मले हार-तुरे पाहवत नाहीत." गुरुजी म्हणाले, "लवकर आटपा. ही एकटी असते."

प्रभाकरला जे मिळाले नाही, ते दीर्घ आयुष्य त्याच्या वडिलांसाठी मागताना माझी जीभ अडखळते. तरीही मागतो, कारण आम्हाला ते हवे आहेत. गुरुजींचे पाय चालते राहोत, नजर शाबूत राहो. सुमतीबाईंना शांत झोप मिळो. आणि त्या दोघांपैकी कुणालाही दुसऱ्यामागे फार दिवस एकटे राहावे लागू नये.