मधल्या मजल्यावरचा डबा

भिसेगावात विमलबाईंचं घर कुणालाही विचारा, थेट दारापर्यंत आणून सोडतील. नवरा गेल्यावर भाताची शेती सांभाळत या बाईने ते घर मजल्यामजल्याने वर नेलं. साजगावच्या कारखान्यात थोरला प्रवीण कायम झाला तेव्हा पहिला मजला चढला, धाकट्या ऋषिकेशचं लग्न ठरलं तेव्हा दुसरा. प्रत्येक स्लॅबच्या दिवशी ही ठेकेदाराच्या डोक्यावर उभी. सिमेंट कमी दिसलं की मिक्सर थांबवायची, आणि तो मुकाट्याने आणखी एक गोणी फोडायचा. घर असं भक्कम झालं की त्यात खिळा ठोकायचा तर घाम फुटतो.

आता त्याच भक्कमपणाचा ताप झाला होता. इंटरनेटचा डबा तळमजल्यावर आणि धाकटी सून माधवी सगळ्यात वर. ती मुंबईतल्या एका दवाखान्याचे फोन घरून घ्यायची, रुग्णांना डॉक्टरांच्या वेळा द्यायची. नेट जिना चढता चढता दमायचं आणि पेशंट बोलत असतानाच आवाज तुटायचा. शेवटी तिच्या मॅडमनी सांगून टाकलं, असंच चालणार असेल तर रोज ऑफिसात यावं लागेल. ऋषिकेश बदलापुरात भाड्याचं घर बघायला लागला. एकदा वरच्या मजल्याला कुलूप लागलं की ते गणपतीलाच उघडणार, हे विमलबाईंना पुरतं कळत होतं.

मग घरात डबा निवडायची धामधूम सुरू झाली. प्रवीण म्हणे, एकच दणकट घेऊ, मोठ्या शिंगांचा. ऋषिकेश मोबाईलवर व्हिडिओ बघबघून इतका शहाणा झाला की त्याला काहीच ठरवता येईना. नेट जोडून देणारा गजा दोघांचं ऐकून कंटाळला आणि विमलबाईंसमोर येऊन बसला.

"मावशी, एकानं भागनार नाय. तुमचे स्लॅब लय जाड. मेश लावा. म्हंजे मजल्यामजल्यावर एकेक डबा, खालचा मधल्याला देनार, मधला वरच्याला."

"स्लॅबची घमेली देतात तसं?"

"बरोब्बर तसं!"

विमलबाईंनी थोडा विचार केला. "मंग मधला गडी चा प्यायला गेला की वरचा रिकाम्या हातानं उभा."

गजा हसला, पण विमलबाई हसल्या नाहीत. मधला गडी म्हणजे प्रवीणची बायको हर्षला, आणि टाकीच्या पाण्यावरून दोघी जावा वर्षभर एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. "घरी लावून बगू, मंग ठरवू," एवढं सांगून त्यांनी गजाला सेट आणायला पाठवलं.

थोरल्या सुनेला त्या हुकूम सोडू शकल्या असत्या. घर त्यांचं, भिंती त्यांच्या. पण बाई गुडघा धरत पहिल्या मजल्यावर गेल्या आणि पाहुण्यासारख्या दाराशी उभ्या राहिल्या. "हर्षला, तुज्या हॉलमधी एक डबा ठेवायचाय. ठेवू का गं?"

हर्षला ओशाळली. "आई, विचारताय काय? पन आमी मोबाईलवर काय बगतो ते वरच्यांना दिसल का?"

"गजाला विचारलंय मी. नाय दिसत." खरंच विचारलं होतं. सुनेच्या मनात हे येणार, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. अशी सासू शोधून सापडायची नाही.

डबे लागले आणि नेट गच्चीपर्यंत पोचलं. माधवीने दिवसभर एकही फोन न तुटता काम केलं, संध्याकाळी स्वतः खाली येऊन सासूच्या हातात चहा दिला. विमलबाई मनातल्या मनात बदलापूरला नमस्कार करून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगराकडून आभाळ दाटून आलं. परतीचा पाऊस, कडकडाट सुरू. मागे एकदा वीज पडून घरातला टीव्ही जळाला होता, तेव्हापासून आभाळ वाजलं की घरभर फिरून सगळे प्लग उपटायचे, हा विमलबाईंचा नेम. खालच्या डब्याला हात लावू नकोस असं ऋषिकेशने बजावलं होतं, म्हणून तो त्यांनी सोडला. मग वर गेल्या. हर्षला गच्चीवर कपडे काढायला गेलेली, दार उघडं. टीव्हीचा प्लग काढला, मिक्सरचा काढला, बाजूला निळा दिवा लुकलुकत होता त्याचाही काढला. हात सवयीने चालला, डोकं दुसरीकडेच होतं. खाली येऊन निवांत वाल सोलत बसल्या.

संध्याकाळी ऋषिकेश तडतडत खाली आला.

"आई, आम्ही जातो. दिवाळीच्या आधीच."

"काय झालं रं?"

"माधवीच्या मॅडम स्वतः फोन ऐकत होत्या आणि नेट गेलं! माधवी खाली जाऊन बघते तर मधल्या डब्याचा प्लग लोंबतोय. वहिनीनं मुद्दाम काढला. माधवी तिला नको नको ते बोलली, तर तोंडातून शब्द नाय. खोटं असतं तर गप बसली असती का?"

विमलबाईंना दुपारचा तो निळा दिवा आठवला. त्या उठल्या आणि जिना चढल्या. हर्षला ओट्याशी भाकरी थापत होती. डोळे सुजलेले.

"प्लग मी काढला गं. तुला ठावं व्हतं?"

"तुमाला उतरताना बगितलं मी, गच्चीवरून येताना."

"मंग सांगितलं का नाय?"

हर्षलाने तव्यावरची भाकरी उलटली. "त्यांना जायाचंच असलं तर माज्यावर राग धरून जाऊ दे, आई. तुमच्यावर धरून गेले तर परत या घरात पाऊल ठेवनार नायत."

विमलबाईंना वाटलं, आपण या पोरीला आजवर नुसती कामसू समजत होतो. त्यांनी तिच्या पिठाळ हातावर हात ठेवला आणि तशाच आणखी एक जिना चढल्या.

माधवी कपाटातून कपडे काढत होती. वयाने, मानाने मोठी असलेली सासू तिच्यासमोर उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "प्लग मी काढला. विजा चमकत व्हत्या, माज्या ध्यानात ऱ्हायलं नाय. तुजं नुकसान मी केलं. हर्षलाला म्हाईत व्हतं, पन तिनं माजं नाव घेतलं नाय. तुमी माज्यावर रुसून कायमचे जाल म्हनून तिनं तुजी बोलनी खाल्ली. आता जायचं का ऱ्हायचं ते तुमी ठरवा. मला काय बोलायचं ते बोल, मी उभी हाय."

हातातली साडी पलंगावर टाकून माधवी जिना उतरून गेली. विमलबाई बाहेर येऊन जिन्याचा कठडा धरून उभ्या राहिल्या. मग खालून दोघींच्या रडण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हर्षला ओरडली, "अगं भाकरी जळली माजी, सोड!"

सकाळी माधवीने मॅडमना फोन करून घडलं ते सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी आणखी एक महिना बघू म्हटलं. दुपारी गजा आला. विजा चमकल्या आणि प्लग काढला तरी डबा चालू राहावा, म्हणून त्याने सोबत छोटी बॅटरी आणली होती.

"मावशी, ठेवायचा का सेट, का नेऊ परत? आनि मधला डबा जिन्यात लावू का? कोनाच्याच घरात नको, कटकट मिटली."

विमलबाई तोंड उघडणार तोच माधवी म्हणाली, "सेट ठेवायचा. आणि मधला डबा जिन्यात नाही लावायचा. तो हर्षलाताईंच्या घरातच राहील."

विमलबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि गजाला म्हणाल्या, "ऐकलंस ना रं? लाव मंग."